आगीच्या नळातले शिंपले

१

वीज केंद्राच्या यार्डात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्याला आग लागली, भोंगा झाला, माणसांनी धावत जाऊन आगीच्या लाल नळाचं चाक फिरवलं आणि पाणी आलंच नाही. नळाला आधी उचकी लागली, मग पसाभर गाळ पडला आणि गाळामागून टपाटप शिंपले पडायला लागले. मे महिन्याची टळटळीत दुपार, समोर जाळ, आणि ज्या नळातून पाण्याचा लोट यायचा त्यातून बोटाच्या पेराएवढे पिवळट शिंपले येताहेत, हे बघून एक कामगार म्हणे वेड्यासारखा हसतच सुटला.

बंब आले तोवर पट्टा जळून गेला होता. बैल गेला नि झोपा केला, तशी मग वीज केंद्रानं सगळी पाइपलाइन खोलून पाहिली. ती आतून शिंपल्यांनी ठासून भरली होती. यार्डाच्या कोपऱ्यात नळाच्या गाळणीचा खड्डा होता, त्यात एक माणूस मेलेला सापडला. धुरानं गुदमरला होता. हातात लोखंडी पाना होता, आणि तो मुठीतून सोडवायला दोघं लागले.

त्याचं नाव सुशील मारबते. खरं तर त्या यार्डाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तो कामाला होता शेजारच्या सालईबोडी तलावात, मासळीच्या पिंजऱ्यांवर. मग हा आगीत शिरला कशाला? हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण लोकांना त्याहून सोपा प्रश्न सापडला होता आणि त्याचं उत्तर तर तयारच होतं. नळात शिंपले आले कुठून? तलावाच्या पाळीवर तुळसाबाई नान्हे टाक्यांत शिंपले पाळते, त्यांत मोती पिकवते. तिचेच, दुसरे कुणाचे! पिंजऱ्यांच्या साहेबांनीही पाहताक्षणी तेच सांगितलं. संध्याकाळच्या आत तुळसाबाईच्या टाक्या फुटल्या.

आणि तुळसाबाई ही सुशीलची सख्खी सासू होती.

२

धरमपेठेत प्रेमानंद सोमकुवर कूलरसमोर पाय पसरून बसले होते. उभा जन्म पोलिसात गुन्हे शोधण्यात गेलेला माणूस, कुणापुढे हार गेला नाही. पण नागपूरच्या उन्हापुढे त्यांनी कधीच हात टेकले होते. निवृत्तीनंतर मे महिन्यात त्यांचा हा एकच उद्योग असे. अशा वेळी दाराची कडी वाजवणाऱ्याला चार शब्द सुनवायचे म्हणून ते उठले, आणि दारातली बाई बघून त्यांचे शब्द तोंडातच राहिले.

ती सरिता होती. तुळसाबाई पूर्वी मासोळीची पाटी घेऊन धरमपेठेत दारोदार यायची, तेव्हा ही फ्रॉकातली पोर तिच्या मागे असायची. प्रेमानंदांच्या बायकोचं आणि तुळसाबाईचं चांगलं गूळपीठ होतं. बायको गेली, मासोळीची पाटी थांबली, पण ओळख राहिली होती.

"काका, मले एकच सांगा," सरिता उंबऱ्यातच म्हणाली. "माह्या मायनं माह्या नवऱ्याले मारलं का?"

त्यांनी तिला आत घेतलं, पाणी दिलं. तिनं ते प्यायलं नाही. पदराखालून एक स्टीलचा डबा काढून समोर ठेवला. डब्यात पाण्यात शिंपल्यांचा झुबका होता, काळ्या बारीक दोऱ्यांनी एकमेकांना जखडलेला.

"हे नळातले," ती म्हणाली. "उद्या चौकशीवाले येऊन राहिले. माय त्यायच्यापुढं जबाब देनार हाय. म्हनते, माह्याच शिंपल्यानं जवाई गेला, मले जेलात टाका. अन्न सोडलं तिनं. अन् मी तिच्याशी बोलत नाई, काका. बोलू कशी? खरं असन तर ते माय नोहे. अन् खोटं असन तर हे असं काहून बोलून राहिली?"

"सुशील त्या यार्डात काहून गेला होता, बेटा?"

"मले काय माहीत! जेवत होता. भोंगा ऐकला अन् ताट सोडून धावला. म्हटलं, तुही ड्युटी हाय का तिथं? तर म्हने, मलेच जाऊ दे." तिनं पाण्याचा पेला बाजूला सारला. "इतल्यात तो असाच करे. सुटीच्या दिवशी पन घरी नसे. हात कापून ये. विचारलं तर म्हने, जाळीच्या तारेनं कापले."

"पिंजऱ्यावर त्याचं काम काय होतं?"

"जाळ्या धुवाच्या, मासोळ्याले चारा टाकाचा. पिंजरे आनले तवा ते दुसऱ्या कोन्या धरनातले जुने होते, जाळ्याले काहीबाही घान चिकटून आली होती. साहेबानं सांगतलं उन्हात टाक, तर यानं दिवसभर खरडून सारी उन्हात टाकली. असंच काम."

प्रेमानंदांनी मनातल्या मनात पिंजऱ्यांवर फुली मारली. त्या जाळ्यांवरून काही आलं असेलच तर ते नागपूरच्या उन्हात वाळून खडखडीत झालं असणार. इथं धडधाकट माणसं आडवी होतात, तिथं शिंपल्यांचा काय पाड!

त्यांनी डबा उचलून कलता केला. पाणी एका बाजूला गेलं, पण त्यातला एक शिंपला मात्र जागचा हलला नाही. त्यांनी नखानं ढकलून पाहिलं. धरमपेठेपर्यंतच्या प्रवासात तो डब्याच्या गुळगुळीत स्टीलला घट्ट चिकटून बसला होता, आणि जिवंत होता.

३

दुसरी कुणी असती तर प्रेमानंद कूलर सोडून उठले नसते. पण बायकोच्या मैत्रिणीची पोर दारात येऊन असं विचारते, तेव्हा माणसानं ऊन बघायचं नसतं. त्यांनी डोक्याला ओला दुपट्टा बांधला आणि सरितासोबत पारशिवनीची बस धरली.

सालईबोडीला सगळ्यात आधी भेटला तो गोविंदा शेंडे, मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष. टाक्या फोडायला हाच पुढे होता.

"तुळसाबाईच्याच गा शिंपल्या! अजून कोनाच्या?" तो डोंगा उलटा करून डांबर लावत होता, मान वर न करता बोलला.

"तुम्हीही मासोळीचं बीज बाहेरून आणता. त्यातून आले नसतील कशावरून?"

"माह्या बापाच्या जमान्यापासून आनतो. आजवर कधी आलं काही?" आता त्यानं मान वर केली. "साहेब, आमच्या पोटावर पाय हाय हा. हिवाळ्यात आमी उन्हात जाळं टाकलं का पाटी भरून मासोळी निंघे. उबीले जमा होये ना ते. आता उन्हात जाळं टाकलं का जाळंच फाटते. शिंपल्याची धार ब्लेडावानी हाय. थे बाई मोती पिकवून राहिली अन् आमी फाटकं जाळं शिवून राहिलो!"

प्रेमानंदांनी मान डोलावली. हिवाळ्यात उन्हाला बसायला कुणाला आवडत नाही. मासोळीलाही आवडत असेल. त्यांना त्यात नवल वाटलं नाही.

"आणखी कुणाशी भांडण तुझं?"

"भांडन कोनाशी नाई. पिंजऱ्यावाल्या साहेबाले तेवढं सांगा. संक्रांतीच्या टायमाले त्यानं आपला पंप उचलून पार थंड्या काठाले नेला. लंबा पाइप टाकला पान्यात, आमचे डोंगे अटकते त्याच्यात. चांगला इथं होता, काहून नेला कोन जाने."

गोविंदानं पुन्हा डांबराचा डबा ओढला. पंपाची ही तक्रार प्रेमानंदांनी ऐकून घेतली आणि चालायला लागले, पण पाच-पन्नास पावलं गेल्यावर ते थबकले. सगळं कामकाज ह्या काठावर, पिंजरे ह्या काठावर, मग पंप एकटाच सासरी का गेला?

४

पिंजऱ्यांचे साहेब केशव साबळे हे साताऱ्याकडचे. मत्स्यशास्त्र शिकलेले, बोलणं मऊ, वागणं अदबीचं. सुशीलचं प्रेत घरी आणायची सोय ह्यांनीच केली होती, आणि वस्तीत त्यांना फार मान होता. त्यांनी प्रेमानंदांना पंख्याखाली बसवलं, ताक दिलं.

"फार वाईट झालं हो. सुशील म्हणजे माझा उजवा हात होता."

"नळातले शिंपले तुम्हीच ओळखलेत म्हणे."

"पाहताक्षणी. तुळसाबाईंच्या मोत्याच्या शेतीतले. पण मी चौकशी समितीला सांगणार आहे, बाईंना फार त्रास देऊ नका. अडाणीपणानं झालं."

"तुमच्या जाळ्यांवर काही चिकटून आलं होतं?"

केशवरावांनी ताकाचा पेला जरा फिरवला. "होतं थोडंफार. मी सुशीलला स्पष्ट सांगितलं, सगळं खरवड आणि उन्हात टाक. अशा गोष्टींवर तोच उपाय असतो. वाळलं की संपलं."

हे सरिताच्या सांगण्याशी तंतोतंत जुळत होतं. माणूस खरं बोलत होता. पोलिसात असताना प्रेमानंदांनी खोटं बोलणारे इतके पाहिले होते की खरं बोलणारा समोर आला की त्यांना हायसं वाटायचं. आज का कोण जाणे, वाटलं नाही.

"आणि पंप का हलवलात?"

"पंप? तिकडचं पाणी थंड आहे. माशांना बरं पडतं."

प्रेमानंदांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. मासे तर समोरच होते, ह्याच काठाच्या पिंजऱ्यांत उड्या मारत होते. थंड पाणी त्यांच्यापर्यंत कुठल्याही पाइपानं येताना दिसत नव्हतं.

"एवढं शिकलेला माणूस," ते बाहेर पडताना सरिताला म्हणाले, "अन् एवढं साधं उत्तर त्याला नीट देता येऊ नये?"

सरिताचं लक्ष तिकडे नव्हतं. ती आईच्या झोपडीकडे बघत होती. दार सताड उघडं होतं, आणि आत चूल पेटल्याची खूण नव्हती.

५

सरिता बाहेरच थांबली. प्रेमानंद एकटे आत गेले.

तुळसाबाई भिंतीला टेकून बसली होती. एके काळी डोक्यावर मासोळीची पाटी घेऊन धरमपेठ दणाणून सोडणारी ही बाई आता मूठभर झाली होती. फुटक्या टाक्यांतून वाचलेले शिंपले तिनं एका बादलीत ठेवले होते. मोठे, तळहाताएवढे, काळपट.

"भाऊ, तुमी काहून आले एवढ्या तपनीत?"

प्रेमानंदांनी बादलीतला एक शिंपला उचलून बादलीच्या कडेला लावला. तो घसरून खाली गेला. दुसरा लावला, तोही घसरला. मग त्यांनी सरिताचा डबा उघडून तिच्यापुढे उलटा धरला. पाणी सांडलं. शिंपला तसाच लटकत राहिला.

"तुमचे शिंपले गाळात राहतात, तुळसाबाई. चिकटत नाहीत. नळातले चिकटतात म्हणून तर नळ बुजला. तुम्ही जन्मभर शिंपले हाताळलेत. मला जे दिसलं ते तुम्हाला दिसत नाही?"

"मीच सोडले. लिहून घ्या."

"कुठून आणलेत?"

तिनं बादली जवळ ओढून घेतली.

"सरिताच्या मावशीसारखी होती माझी बायको. तिच्या नावानं तरी खरं बोला."

तुळसाबाईचे डोळे भरून आले. तिनं पदर तोंडात कोंबला आणि मग म्हणाली, "भाऊ, पोरीचं कुंकू गेलं. आता तिच्याजवळ त्याची आठवन तेवढी राहिली. ते तरी चांगली राहू द्या. मले जेलात जाऊ द्या, माह्यं काय राहिलं?"

प्रेमानंद बाहेर आले. सरिता तोंडाकडे बघत होती. ते तिला घेऊन तळ्याकडे चालू लागले. शिंपल्यांतलं कळणारी इथं दोनच माणसं, केशवराव आणि तुळसाबाई. आणि दोघंही एकच खोटं बोलत होती. शिकलेल्या माणसाचं खोटं समजू शकतं. त्याला स्वतःला वाचवायचं असेल. पण ही बाई स्वतःला बुडवून कुणाला वाचवते आहे? जिवंत माणसांत तर तिला पोरीशिवाय कुणी नव्हतं.

६

तळ्याकाठच्या कडुनिंबाखाली बसून त्यांनी पुतणीला फोन लावला. वैभवी नागपुरात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. डब्यातल्या शिंपल्याचा फोटो तिला त्यांनी निघतानाच पाठवला होता.

"काका, हा आपल्याकडचा नाहीच," ती उतावीळपणे म्हणाली. "बाहेरून आलाय. आणि गंमत ऐका. हा गार पाण्यात नुसता बसून राहतो, पिल्लं देत नाही. आपल्या तलावात कुणी टाकला असता तर दोन हिवाळ्यांत मुकाट संपला असता. ह्याला कुणीतरी थंडीतही कोमट पाणी दिलंय. तिथं वंश वाढला, आणि मग आपले उन्हाळे असे, हिवाळा तर हल्ली नावालाच येतो. सगळा तलावच कोमट व्हायला लागला की हा सुटला म्हणून समजा. कुणी टाकला ते राहू द्या. कुठं टाकला ते शोधा."

कुठं टाकला? प्रेमानंद उठले आणि गुडघे चोळत काठाकाठानं चालू लागले. पुढे वीज केंद्राच्या भिंतीखालून एक रुंद सिमेंटचा नाला येऊन तळ्याला मिळत होता. यंत्रं थंड करून तापलेलं पाणी त्यातून परत यायचं. नाल्याच्या तोंडाशीच लाल रंगाचं पंपघर होतं, आगीच्या नळांचं. ते नाल्याच्या दगडावर पाय ठेवणार तोच मागून सरिता ओरडली.

"काका, थांबा! ऊन लई चटकते!"

"अगं, ऊन काय इथंच आहे का? सगळीकडेच आहे."

"नाई हो काका. हे ऊन." तिनं नाल्याकडे बोट केलं. "ह्याले ऊन म्हनते आमी. पानी ऊन असते ना ह्याचं."

प्रेमानंदांचा पाय हवेतच राहिला.

ऊन. त्यांची बायको रोज सकाळी न्हाणीतून हाक मारायची, ऊन पाणी काढलंय, या लवकर. जन्मभर ऐकलेला शब्द, आणि गोविंदा उन्हात जाळं टाकतो म्हणाला तेव्हा ह्या शहाण्यानं वर आभाळाकडे पाहिलं होतं! ते वाकले, नाल्याच्या कडेचा एक दगड उलटा केला. दगड दिसतच नव्हता. शिंपल्यांवर शिंपले, बुडापासून शेंड्यापर्यंत.

साहेबानं सांगतलं उन्हात टाक, तर यानं सारी उन्हात टाकली.

तुळसाबाई कुणाला वाचवत होती ते आता त्यांना कळलं. ती मेलेल्या माणसाला वाचवत होती. खरं सांगितलं तर माय सुटणार होती, आणि ह्या पोरीच्या हाती येणार होतं ते हे, की तुझ्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं स्वतःचं मरण पेरलं. तिच्या आईनं तुरुंग कबूल केला होता तो एवढं तिच्या कानावर पडू नये म्हणून.

"काका, काय झालं? असे काहून पाहून राहिले?"

"काही नाही," ते कसेबसे म्हणाले. "ऊन लागलं."

७

समिती सकाळीच आली. सोसायटीच्या टिनाच्या शेडमध्ये सगळी वस्ती जमली. समितीच्या प्रमुख प्रेमलता ठवकर ह्या करड्या चेहऱ्याच्या बाई होत्या. तुळसाबाई उठून उभी राहिली. दोन बायांनी तिला धरलं नसतं तर ती पडली असती. सरिता शेडच्या खांबाला धरून उभी होती, आईकडे बघतही नव्हती आणि तिथून हलतही नव्हती.

प्रेमानंद पहाटेपासून जागे होते. गप्प बसलं तर एक निरपराध बाई तुरुंगात मरेल आणि पोर आयुष्यभर आईचा द्वेष करील. बोललं तर पोरीचा नवरा दुसऱ्यांदा जाईल. आगीतून फुफाट्यात. पण एक प्रश्न त्यांना सोडत नव्हता. सुशील आगीत का शिरला? शेवटी त्या प्रश्नाचा हात धरूनच ते उठले.

"बाई, जबाबाआधी मला केशवरावांना दोन गोष्टी विचारू द्या."

प्रेमलता बाईंनी मान हलवली.

"जाळ्यांवरची घाण कुठं टाकायला सांगितलीत? तुमचाच शब्द सांगा."

"उन्हात," केशवराव म्हणाले. "कालच बोललो मी."

"उन्हात म्हणजे कुठं? जरा हात करून दाखवा."

केशवराव गोंधळले, मग शेडबाहेर वर आभाळाकडे त्यांनी हात केला.

"गोविंदा, तू दाखव. ऊन कुठं आहे?"

गोविंदाचा हात सहज नाल्याकडे गेला. त्याच्या मागे बसलेल्या माणसांचे हात गेले, बायांचे गेले. सगळी वस्ती एका दिशेला बोट दाखवत होती आणि साहेब एकटे आभाळाकडे. मग हळूहळू लोकांच्या लक्षात आलं, आणि हात खाली आले.

"काहून सांगतलं, भाऊ!" तुळसाबाई किंचाळली. "काहून सांगतलं!"

सरितानं खांब सोडला नाही. तिचे ओठ हलत होते. उन्हात टाक म्हटलं, यानं उन्हात टाकली; हे तिनंच तर काकांना सांगितलं होतं.

सगळ्यात आधी सावरले ते केशवराव. "म्हणजे चूक सुशीलची झाली! मी तर बरोबरच सांगितलं होतं."

"अगदी बरोबर," प्रेमानंद म्हणाले. "त्या दिवशी तुमची चूक एवढीच की जुने पिंजरे न वाळवता आणलेत. सुशीलचीही चूक नाही. तुम्ही साताऱ्याचा शब्द बोललात, त्यानं सालईबोडीचा ऐकला. इथंच थांबलं असतं तर मी आज तोंड उघडलं नसतं."

ते केशवरावांच्या समोर जाऊन उभे राहिले.

"पण संक्रांतीला तुमच्या पंपाची गाळणी बुजली. बुजली ना? म्हणून तुम्ही पंप थंड काठाला नेलात. माशांसाठी म्हणालात, पण मासे इथंच ठेवलेत. म्हणजे ऊन शिंपल्यांनी भरलंय हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. त्याच उन्हावर आगीच्या नळाचं पंपघर आहे, रोज तुमच्या डोळ्यांसमोर. स्वतःचा पाइप उचललात आणि वीज केंद्राला एक शब्द सांगितला नाहीत. नळ खोलला तेव्हा आतले शिंपले तुळसाबाईंचे म्हणालात. ही चूक गोविंदाला होऊ शकते, मला होऊ शकते. मत्स्यशास्त्र शिकलेल्या माणसाला होत नाही."

"हे सगळे तर्क आहेत."

"तर्कच आहेत. आता राहिला सुशील. ज्याची ड्युटी नाही तो माणूस पाना घेऊन थेट गाळणीच्या खड्ड्याकडे का धावतो? पाणी येणार नाही हे त्याला आधीच माहीत होतं म्हणून. तुळसाबाई, झाकायचं होतं ते आता उघडं पडलं. राहिलेलं पोरीला सांगा. ते ऐकायचा हक्क आहे तिला."

तुळसाबाईनं आधी सरिताकडे पाहिलं. मग तिनं हाताला धरलेल्या बाया बाजूला सारल्या.

"संक्रांतीले आला तो माह्याकडे. मुठीत हे शिंपलं. म्हने, मामी, हे तुमचं नोहे ना? म्हटलं नाई बापू, हे आपलं नाई. तर मटकन बसला. म्हने, मग हे मीच टाकलं उन्हात. साहेबाले जाऊन सांगतलं त्यानं. साहेब म्हने, टाकलं तू, नाव तुह्यंच येईन, गप राह्य. तवापासून सुटीच्या दिवशी हा उन्हात बुड्या मारे. पंपाच्या तोंडचे शिंपले खरडून काढे, एकटा. हाताच्या चिंध्या होत. मले आन घातली होती, सरिताले सांगू नोका. भोंगा झाला तसा तो घरून निंघून माह्या दारावरूनच धावला. मी आडवी झाली. म्हने, सोडा मामी. मीच बुजवलं, मीच खोलतो."

गोविंदानं डोक्याचा दुपट्टा काढून तोंडाला लावला.

प्रेमलता बाईंनी विचारलं, "साबळे, हे खरं आहे?"

केशवरावांनी मान खाली घातली. "मी सांगणार होतो," ते म्हणाले. "पावसाळा आला की सांगणार होतो." मग ते खाली बसले, आणि पुन्हा त्यांनी वर पाहिलं नाही.

८

केशवरावांचं पुढे जे व्हायचं ते होईल. प्रेमानंदांना त्याचं समाधान नव्हतं. वैभवीनं स्पष्टच सांगितलं होतं, काका, आता तो तलावातून जायचा नाही. नळ साफ करतील, पुन्हा भरतील. पाणी तापतंच आहे.

तरी दुपारी वस्तीतल्या बाया खुरपी घेऊन नाल्यावर उतरल्या. कुणी सांगितलं नव्हतं. सरिता सगळ्यात पुढे होती, सुशील जिथं बुड्या मारायचा त्या पंपघराच्या तोंडाशी, कमरेएवढ्या ऊन पाण्यात. तिच्या बोटांतून रक्त येत होतं आणि ती खरडत होती. तुळसाबाई काठावर बसली होती. समिती गेल्यावर तिनं पोरीच्या हातून दोन घास खाल्ले होते, पण दोघी अजून एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

पाटी भरली. सरिता ती डोक्यावर घेऊन वर आली, आईसमोर उभी राहिली. पाणी तिच्या तोंडावरून ओघळत होतं.

"माय," ती म्हणाली, "हे कुठं टाकू वं?"

तुळसाबाईनं तोंड उघडलं. शब्द ओठापर्यंत आला होता. आयुष्यभर बोललेला, साधा, दोन अक्षरांचा. तिला तो बोलवेना. तिनं हात वर केला आणि आभाळाकडे दाखवलं.

सरितानं पाटी कोरड्या खडकावर उपडी केली, आणि आईच्या मांडीत डोकं खुपसून ती पहिल्यांदा रडली.